गुडघ्याच्या वाटीचे दुखणे : विश्रांती किती, व्यायाम कोणता, शस्त्रक्रिया केव्हा?

मंगळाईचा चढ (सातारा)

गुडघेदुखी म्हटले की साठी ओलांडलेली व्यक्ती आणि झिजलेला सांधा एवढेच बहुतेकांच्या मनात येते. या धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या मागे किंवा तिच्या कडेने होणारे जे दुखणे जिना उतरताना, उकिडवे बसल्यावर किंवा एस.टी.त पाय दुमडून बराच वेळ बसून उठताना जाणवते, आणि जे शाळेतल्या मुलीला होते तसेच तिच्या पन्नाशीच्या शिक्षिकेलाही होते, त्याविषयी येथे लिहायचे आहे. साताऱ्यात हा प्रश्न घरोघरी आहे. राजवाड्याकडून किल्ल्याच्या दिशेने जाणारे रस्ते चढाचे आहेत, पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांची रीघ असते, पावसाळ्यात हिल मॅरेथॉनच्या तयारीसाठी यवतेश्वर घाट धावणाऱ्यांनी भरून जातो आणि पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणारी मुले वर्षभर डांबरी रस्त्यावर धावत असतात. मला स्वतःला हे दुखणे दोन्ही गुडघ्यांत काही वर्षे होते. आता मी किल्ला चढते आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, उतरते.

आधी सांध्याविषयी. वाटी हे मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या, म्हणजे क्वाड्रिसेप्सच्या, कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीत) बसलेले हाड आहे आणि कंडरेत असणाऱ्या हाडांपैकी ते शरीरात सर्वांत मोठे आहे. गुडघा वाकतो तेव्हा वाटी मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या खोबणीतून सरकते आणि स्नायूची ओढ नडगीपर्यंत पोहोचवताना त्या ओढीला तरफेचे बळ देते. हे काम करताना तिच्या मागच्या पृष्ठभागावर मोठा दाब येतो, आणि तो सोसण्यासाठीच तिथली कूर्चा, म्हणजे हाडावरचे गुळगुळीत आवरण, शरीरातील सर्वांत जाड कूर्चांपैकी एक आहे. रायली आणि मार्टेन्स या संशोधकांनी १९७२ साली या दाबाचा हिशेब मांडला होता. त्यानुसार सपाटीवर चालताना वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या निम्म्याएवढा, जिन्यावर सुमारे ३.३ पट आणि खोल बैठकीत सुमारे ७.८ पट दाब येतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या वाटीवर चालताना ३० किलोंच्या आसपास, जिन्यावर सुमारे २०० किलो आणि बैठक मारताना साडेचारशे किलोंहून अधिक भार पडतो. एकच गुडघा सपाटीवर तासभर बिनतक्रार चालतो आणि दोन मजले उतरताना कळवळतो, याचे कारण या आकड्यांत आहे.

आता दुखते नेमके काय? पुष्कळांच्या एम.आर.आय. अहवालात ‘कॉन्ड्रोमलेशिया पटेला’, म्हणजे वाटीच्या कूर्चेची झीज, असे लिहिलेले असते आणि पुढे दुसरी किंवा तिसरी श्रेणी नोंदवलेली असते. कूर्चेच्या झिजेच्या या श्रेणी कॅनडातील शल्यविशारद आउटरब्रिज यांनी १९६१ साली मांडल्या. अहवाल वाचून माणूस घाबरतो, कारण त्याला वाटते की कूर्चा झिजली म्हणून दुखते आणि कूर्चा पुन्हा उगवत नाही म्हणून दुखणे जाणार नाही. परंतु कूर्चेत मज्जातंतू नसतात. सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी सांध्याच्या आत भूल न घेता स्वतःच्या गुडघ्यांची दुर्बिणीतून तपासणी करवून घेतली आणि आतल्या एकेका भागाला उपकरणाने स्पर्श झाल्यावर काय जाणवते ते नोंदवले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींनुसार वाटीच्या कूर्चेला जोराने स्पर्श करूनही वेदना झाली नाही. वाटीच्या खालची चरबीची गादी आणि सांध्याचे आतले अस्तर यांना हलका स्पर्शही असह्य झाला. कूर्चेखालच्या हाडातही मज्जातंतू असतात. म्हणून कूर्चा खराब असूनही गुडघा शांत राहू शकतो आणि कूर्चा उत्तम असूनही दुखू शकतो.

डाय यांनीच पुढे मांडलेला विचार मला सर्वांत उपयोगी वाटला. प्रत्येक गुडघ्याची भार पेलण्याची त्या काळापुरती एक मर्यादा असते. रोजचा एकूण भार त्या मर्यादेत राहिला तर सांधा शांत राहतो. मर्यादा वारंवार ओलांडली गेली तर अस्तर आणि हाड चिडतात, आणि चिडलेल्या सांध्याची मर्यादा आणखी खाली येते. मग पूर्वी सहज जमणारे कामही जड जाते. यातून उपचाराची दिशा स्पष्ट होते. आधी एकूण भार मर्यादेच्या आत आणायचा, सांधा शांत होऊ द्यायचा, आणि त्यानंतर भार हळूहळू वाढवत मर्यादाच वर न्यायची.

या दुसऱ्या टप्प्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यावरच काम थांबते. ‘जिना चढू नका, मांडी घालू नका, खाली बसू नका’ असा सल्ला मिळतो आणि तो कधीपर्यंत पाळायचा हे कोणी सांगत नाही. माणूस वर्षानुवर्षे जिना टाळतो, मांडीचा स्नायू बारीक होतो, मर्यादा आणखी घसरते आणि एके दिवशी बसथांब्यापर्यंत चालणेही दुखू लागते. पूर्ण विश्रांतीने वेदना कमी होते हे खरे, पण पेलण्याची ताकद वाढत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्याही नसतात. सांध्याच्या हालचालीने आणि दाब येऊन सुटल्याने आतला द्रव तिच्यात ये-जा करतो व त्यावरच तिचे पोषण होते.

मी स्वतः एका साध्या वहीत दोन रकाने आखले. पहिल्यात दिवसभराचा भार : शाळेतले जिने, उभे राहण्याचे तास, बाजार, खाली बसून केलेली कामे, चालणे. दुसऱ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा होता ते. काही आठवड्यांत दिसून आले की माझे गुडघे कोणत्याही एका कामाने बिघडत नव्हते. ज्या दिवशी वरच्या मजल्यावरचे तास, परीक्षेचे उभे राहणे आणि संध्याकाळचा उतार एकत्र येत, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बिघडत. ही गोष्ट कोणत्याही तपासणीत दिसली नसती. त्यानंतर मी कामे बंद न करता त्यांची वाटणी बदलली आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांडी व खुब्याचे व्यायाम सुरू केले.

आपले अनुभव, शंका आणि विशेषतः मतभेद अवश्य लिहावेत. एक विनंती : गुडघ्याला मार लागून काही तासांत मोठी सूज आली असेल, गुडघा मध्येच अडकत असेल, पाय सरळ ठेवून उचलता येत नसेल, अथवा गुडघा लाल व गरम होऊन ताप असेल, तर येथे विचारण्यात वेळ न घालवता रुग्णालयात जावे.

माणदेशी

ताई, माझे वय २० असून मी मूळचा दहिवडीकडचा आहे आणि सध्या साताऱ्यात राहून पोलीस भरतीची तयारी करतो. १६०० मीटर धावण्याचा सराव रोज सकाळी असतो. त्यानंतर बेडूकउड्या, बदकचाल आणि बैठका होतात आणि आठवड्यातून दोन वेळा यवतेश्वर घाटात चढ-उतार धावतो. उजव्या वाटीच्या मागे दुखते, धावताना सुरुवातीला थांबते आणि नंतर वाढते. खोलीवर परतल्यावर जिना एकेक पायरीने उतरावा लागतो. थोडे दिवस विश्रांती घेतली की बरे वाटते, पण धावणे सुरू केले की पुन्हा तेच होते. मैदानी चाचणीला सुमारे तीन महिने आहेत. एवढ्यात बरे होणे शक्य आहे का, आणि तोपर्यंत धावणे पूर्ण बंद ठेवावे का?

कृष्णाकाठचा भौतिकोपचारक (कराड)

मूळ लेखातील विचाराशी मी व्यवसायाने सहमत आहे. माणदेशी यांचा प्रश्न माझ्याकडे जवळपास रोज येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

विश्रांतीने बरे वाटते आणि परतल्यावर पुन्हा दुखते, कारण तुम्ही परतताना पूर्वीच्याच भारावर परतता. मधल्या काळात सांधा शांत झालेला असतो, पण बळकट झालेला नसतो. कॅनडातील क्वेबेक येथे वाटीच्या दुखण्याने त्रस्त धावपटूंवर एक अभ्यास झाला होता व तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला भार कसा सांभाळायचा एवढेच शिकवले, दुसऱ्याला त्यासोबत व्यायाम दिले आणि तिसऱ्याला त्यासोबत धावण्याची ढब बदलायला शिकवले. तिन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली, म्हणजे तिघांत समान असलेली गोष्ट, भाराचे नियोजन, हीच मुख्य ठरली. त्यातला नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : धावताना वेदना दहापैकी दोनच्या पुढे जाऊ नये आणि धावणे संपल्यावर तासाभरात ती मूळ पातळीवर यावी.

म्हणून धावणे पूर्ण बंद करू नये. बेडूकउड्या, बदकचाल आणि खोल बैठका मात्र आजपासून थांबवाव्यात. गुडघा पूर्ण दुमडलेला असताना वाटीवर सर्वाधिक दाब येतो हे वर आलेच आहे, आणि १६०० मीटरच्या वेळेत या तिन्हींनी काही सेकंदांचाही फायदा होत नाही. प्रशिक्षकांना हे सांगणे अवघड जाते याची मला जाणीव आहे. आवश्यक वाटल्यास डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. घाटातील उतार पुढचे काही आठवडे वर्ज्य करावा. चढ धावत जाऊन उतरताना गाडीवर बसून येता येत असेल तर चढ चालेल. डांबराऐवजी शाहू क्रीडा संकुलासारख्या मैदानावर, एक दिवसाआड, थोडे धावणे आणि थोडे चालणे अशा आलटून-पालटून फेऱ्यांनी सुरुवात करावी आणि वरचा नियम मोडत नाही असे दिसले तरच पुढच्या आठवड्यात धावण्याचा वाटा वाढवावा. आधी अंतर वाढवावे आणि वेग शेवटी.

दुसरे, पावले लहान आणि जलद टाकावीत. एका मिनिटात किती पावले पडतात ते मोजावे आणि वेग तोच ठेवून ती संख्या ५ ते १० टक्क्यांनी वाढवावी. पाऊल शरीराच्या फार पुढे पडत नाही, गुडघा कमी वाकतो आणि वाटीवरचा कमाल दाब स्पष्टपणे घटतो. पहिले काही दिवस पोटऱ्या दुखतील, ते अपेक्षित आहे.

आता व्यायामाविषयी सर्वांसाठीच लिहितो. या विषयातील संशोधकांची एक परिषद २०१७ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे झाली आणि तिचे एकमताचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. गुडघा आणि खुबा या दोन्हींच्या स्नायूंचे व्यायाम एकत्र करणे हा त्यांत सर्वांत ठामपणे शिफारस केलेला उपचार आहे. बुटातील आधार देणारे तळवे थोड्या काळापुरते उपयोगी पडू शकतात. केवळ विजेच्या यंत्रांनी शेक देणे अथवा केवळ सांधा हाताने हलवणे यांची शिफारस केलेली नाही. आमच्या व्यवसायातील लोकांनी हे रुग्णांना स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण दहा दिवस यंत्राचा शेक घेऊन ‘फिजिओथेरपी करून पाहिली, उपयोग झाला नाही’ असे म्हणणारे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यांना एकही व्यायाम शिकवलेला नसतो.

खुब्याचा संबंध काय, असे अनेक जण विचारतात. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमजोर असतील तर एका पायावर भार येताच मांडी आत वळते आणि वाटीखालची खोबणीच आतल्या बाजूला सरकते. मग वाटीच्या बाहेरच्या कडेवर दाब एकवटतो. सुरुवातीला गुडघा फार चिडलेला असेल तर मी खुब्यापासूनच आरंभ करतो, कारण त्या व्यायामांत वाटीवर भार जवळजवळ येत नाही. कुशीवर झोपून, पाय दुमडून, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडणे. कुशीवर झोपून सरळ पाय वर नेणे. उताणे झोपून, पाय दुमडून कंबर उचलणे. सोबत, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबत मांडी आवळणे आणि सरळ पाय उचलून धरणे. हे वेदनेशिवाय जमू लागले की खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला पाठ लावून थोडेसेच खाली सरकणे, आणि शेवटी बुटक्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणे. शेवटचा व्यायाम आरशासमोर करावा आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का ते पाहावे. व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत आणि वजन वाढवत न्यावे, कारण महिनाभर तेच हलके व्यायाम करत राहिल्याने स्नायू वाढत नाही. स्पष्ट फरक दिसायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात.

ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्ट जेनी मॅकॉनेल यांनी १९८६ साली वाटीला चिकटपट्टी लावण्याची पद्धत मांडली, ती आजही वापरली जाते. पट्टीने वेदना तात्पुरती कमी होते आणि व्यायाम करणे शक्य होते, एवढाच तिचा उपयोग मानावा. मांडीच्या आतल्या बाजूचा एकच स्नायू वेगळा काढून बळकट करावा असे पूर्वी सांगितले जाई. तसे वेगळे करता येत नाही आणि त्याची गरजही नाही.

तीन महिन्यांत चाचणीला उभे राहणे शक्य आहे, मात्र पहिला महिना संयमाने घालवलात तरच.

वाईकर आई

माझ्या १३ वर्षांच्या मुलाचे वजन त्याच्या वयाच्या मानाने जास्त आहे. गेल्या महिन्यापासून डाव्या गुडघ्याच्या पुढे दुखते म्हणतो आणि किंचित लंगडतो. मार लागलेला नाही, सूज नाही. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो व्यवस्थित आहे. वाढीचे दुखणे आहे, आपोआप जाईल असे सांगितले गेले. वर दिलेले व्यायाम त्याला सुरू करावेत का?

कृष्णाकाठचा भौतिकोपचारक (कराड)

व्यायाम सुरू करू नयेत. ताई, उद्याच त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढण्याविषयी विचारावे. तोपर्यंत त्याला त्या पायावर भार टाकू देऊ नये, खेळायला पाठवू नये. या वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत, मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या रेषेवर सरकण्याचा एक विकार होतो. त्यात बिघाड खुब्यात असतो, परंतु वेदना कित्येकदा फक्त गुडघ्यात जाणवते आणि म्हणून गुडघ्याचाच एक्स-रे काढला जातो. वेळेवर निदान झाले तर स्क्रूने ते डोके जागीच स्थिर करता येते. उशीर झाला तर खुब्याचे कायमचे नुकसान होऊ शकते. तुमच्या मुलाला हाच विकार आहे असे मी म्हणत नाही, तो नाही याची खात्री मात्र लगेच करून घ्यावी. लंगडणाऱ्या मुलाचा खुबा तपासल्याशिवाय गुडघ्यावर उपचार करू नयेत, हा नियम आम्हाला विद्यार्थिदशेतच शिकवला जातो.

वाईकर आई

खुब्याचा एक्स-रे दोन कोनांतून काढला. खुबे व्यवस्थित आहेत असे तज्ज्ञांनी सांगितले. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी जो उंचवटा असतो तिथे दाबल्यावर त्याला दुखते, आणि वाढत्या वयात कंडरेच्या ओढीने तिथे होणारा ऑसगुड-श्लॅटर नावाचा त्रास असल्याचे निदान झाले. हाडाची वाढ पूर्ण झाल्यावर तो बहुतेक मुलांत थांबतो, तोवर खेळ वेदनेच्या मर्यादेत ठेवावा, असे सांगितले आहे. आपण तातडीने लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

निवृत्त ग्रंथपाल

धागाकर्त्या ताईंचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु एका मुद्द्यावर माझे वेगळे मत आहे. माझे वय ६७. निर्गुंडीच्या तेलाने मालीश, गरम पाण्याचा शेक, गुडघ्याला पट्टा आणि ग्लुकोसामाइनच्या गोळ्या यांवर माझे उत्तम चालले आहे. सर्वांनाच व्यायाम झेपत नाहीत. व्यायामाने माझा गुडघा एकदा असा सुजला की आठवडाभर घराबाहेर पडता आले नाही.

मंगळाईचा चढ (सातारा)

काका, मालीश आणि शेक यांनी आराम मिळतो आणि तो मिळत असेल तर अवश्य घ्यावा. वेदना उतरल्यावर मिळालेला तो वेळ थोडी हालचाल करण्यासाठी वापरावा, एवढीच माझी सूचना आहे. ग्लुकोसामाइनविषयी सांगायचे तर ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे ते देऊ नये असे सांगतात. गोळ्यांवर होणारा खर्च पाहता आपल्या डॉक्टरांशी याविषयी बोलावे. पट्टा बाहेर जाताना वापरायला हरकत नाही, दिवसभर घरात नको.

व्यायामाने गुडघा सुजला, याचा अर्थ त्या दिवशीचा व्यायाम त्या दिवशीच्या गुडघ्याला जास्त होता. सूज आली तर एक पायरी मागे जाऊन निम्म्याने सुरुवात करायची असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा पूर्ववत असेल तरच पुढे जायचे असते. आपल्याकडे व्यायामाचा कागद एकदा हाती दिला जातो, त्यावर प्रत्येक प्रकारासमोर सर्वांसाठी एकच संख्या लिहिलेली असते, आणि मागे केव्हा यायचे हे लिहिलेले नसते. आपल्यासारख्या अनेकांचा व्यायामावरचा विश्वास तिथेच उडतो, आणि त्यात दोष रुग्णाचा नाही.

कोरेगावचा कबड्डीपटू

दोन प्रश्न आहेत. माझ्या वहिनींना एम.आर.आय.मध्ये वाटीच्या कूर्चेची तिसरी श्रेणी निघाली असून दुर्बिणीने सांधा साफ करून वाटीच्या बाहेरचा ताठ पट्टा सैल करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. त्यांची वाटी कधीही निखळलेली नाही. माझी स्वतःची मात्र दोनदा निखळली आहे, दोन्ही वेळा चढाई करताना पाय रोवून वळल्यावर. मलाही शस्त्रक्रियाच सांगितली आहे. दोघांनाही दुसरे मत घ्यावे असे वाटते.

कृष्णाकाठचा भौतिकोपचारक (कराड)

दुसरे मत दोघांनीही घ्यावे. परंतु ही दोन प्रकरणे अगदी भिन्न आहेत.

वहिनींच्या बाबतीत : दीर्घकाळ वाटी दुखणाऱ्या रुग्णांवर फिनलंडमध्ये एक अभ्यास झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि व्यायाम, तर निम्म्यांना केवळ व्यायाम देण्यात आला. दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि शस्त्रक्रियेने अधिक लाभ झाला नाही. बाहेरचा पट्टा सैल करण्याची शस्त्रक्रिया तर केवळ वेदनेसाठी आता फारशी केली जात नाही. पट्टा खरोखर ताठ असून वाटी बाहेरच्या बाजूला कललेली आहे असे तपासणीत सिद्ध झाले, तरच तिचा विचार होतो. पट्टा अधिक कापला गेला तर वाटी उलट आतल्या बाजूला निसटू लागण्याचा धोकाही असतो. त्यांनी शल्यविशारदांना दोन गोष्टी विचाराव्यात : एम.आर.आय.वरील श्रेणी सोडून शस्त्रक्रियेचे दुसरे कोणते कारण आहे, आणि किमान तीन महिने वाढत्या भाराचा व्यायाम झाला आहे का. व्यायाम झालेला नसेल तर आधी तो करावा. जवळच मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचे भौतिकोपचार महाविद्यालय आहे, साताऱ्यात सिव्हिल आहे. शिकवणारा माणूस मिळणे आता अवघड राहिलेले नाही.

तुमचे प्रकरण वाटीच्या स्थैर्याचे आहे. वाटी बाहेर निसटते तेव्हा तिला आतून धरून ठेवणारा अस्थिबंध फाटतो. पहिल्यांदा निखळल्यावर, हाडाचा वा कूर्चेचा तुकडा सुटलेला नसेल तर, सहसा पट्टा आणि व्यायाम यांवर भागते. पुन्हा निखळल्यावर मात्र पुढेही निखळण्याची शक्यता बरीच वाढते आणि प्रत्येक वेळी कूर्चा खरवडली जाते. म्हणून तो अस्थिबंध दुसरीकडच्या कंडरेने नव्याने बांधण्याची शस्त्रक्रिया तुमच्यासारख्या खेळाडूच्या बाबतीत रास्त ठरते. त्याआधी मांडीच्या हाडाची खोबणी जन्मतः उथळ आहे का, वाटी नेहमीपेक्षा वर आहे का आणि कंडरा नडगीला जिथे चिकटते ती जागा फार बाहेर आहे का, हे मोजले गेले पाहिजे. या गोष्टी असतील तर केवळ अस्थिबंध बांधून काम भागत नाही. अशा शस्त्रक्रिया नियमितपणे करणाऱ्या शल्यविशारदाकडेच जावे.

नंतरचा काळही समजून घ्यावा. सुरुवातीला मांडीचा स्नायू आज्ञा पाळेनासा होतो, मन लावूनही तो आवळला जात नाही, आणि अनेक जण तिथे खचतात. ही अवस्था तात्पुरती असते. गुडघा वाकवणे आणि पूर्ण सरळ करणे हे दोन्ही सुरुवातीच्या आठवड्यांतच परत मिळवावे लागते. मैदानावर परतायला साधारण ६ ते ९ महिने लागतात, आणि परतण्याचा निर्णय दिनदर्शिका पाहून न घेता एका पायावर उडी, वळणे आणि दोन्ही मांड्यांच्या ताकदीची तुलना यांवरून घ्यावा.

लोणंदची वारकरी

माझे वय ५८. एक्स-रेमध्ये वाटीच्या सांध्याची झीज सांगितली आहे, बाकी गुडघा बराच चांगला आहे. दरवर्षी माउलींची पालखी आमच्या गावी येते. यंदा लोणंद ते फलटण तरी चालावे अशी इच्छा आहे. घरातले सगळे नको म्हणतात. देवपूजा खाली बसून करते, ती तरी चालू ठेवावी का?

मंगळाईचा चढ (सातारा)

ताई, सपाटीवरचे चालणे हा वाटीला सर्वांत कमी भार देणारा प्रकार आहे, आणि लोणंद, तरडगाव, फलटण हा टप्पा दिवे घाटासारखा चढाचा नाही. डॉक्टरांनी इतर कारणाने मनाई केलेली नसेल तर तयारी आजपासून करता येईल. चालण्याचा वेळ आठवड्याआठवड्याने वाढवावा, दोन टप्प्यांच्या अंतराची सवय वारीच्या आधीच व्हावी आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम सोबत ठेवावा. मुक्कामाच्या ठिकाणी जमिनीवर बसणे-उठणे आणि उकिडवे बसून शौचाला जाणे यांचाच त्रास चालण्यापेक्षा जास्त होईल, त्यामुळे घडीचे स्टूल आणि घडीची शौचखुर्ची दिंडीच्या ट्रकमध्ये ठेवण्याची सोय आधीच करावी. वजन जास्त असेल तर थोडे उतरले तरी लाभ मोठा आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शरीराचे वजन १ किलोने घटले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो असे आढळले होते.

पूजा चालू ठेवावी. तूर्त पाटाऐवजी उंच चौरंगावर बसावे, पाय अधूनमधून पुढे सोडावेत आणि उठताना भिंतीचा वा खुर्चीचा आधार घ्यावा. व्यायामाने मांडीत बळ आले की बैठक थोडी थोडी खाली आणून पाहता येईल.

माणदेशी

महिनाभर सांगितल्याप्रमाणे केले. प्रशिक्षकांनी बेडूकउड्यांतून सूट दिली. पावले जलद टाकण्याची सवय होत आहे. आता १२०० मीटर सलग धावताना वेदना नियमाच्या आत राहते, पण जिना उतरताना अजून थोडे जाणवते. वेग वाढवायला सुरुवात करावी का?

कृष्णाकाठचा भौतिकोपचारक (कराड)

अजून नाही. जिन्यावरची वेदना सर्वांत शेवटी जाते, तिची काळजी करू नये. पण आधी १६०० मीटर आरामाच्या वेगाने, एक दिवसाआड, सलग दोन आठवडे पूर्ण करावेत. त्यानंतर आठवड्यातील एकाच दिवशी २०० मीटरच्या काही फेऱ्या जलद धावाव्यात आणि मधल्या वेळी चालावे. बुटक्या पायरीवरून उतरण्याचा व्यायाम आता हातात वजन घेऊन करावा, धावण्याच्या दिवशी करू नये. पुढच्या पंधरवड्यात दोन्ही पायांनी तो किती वेळा नीट जमतो ते मोजून येथे लिहावे, म्हणजे घाटाविषयी ठरवता येईल.